क्यू एकतीसला काय विचारलं होतंस?

रेवा, ईशान,

हे तुमच्यासाठी लिहिते आहे, पण बोलणार आहे कुमुदआजीशी. तिला जाऊन अजून दोन महिने व्हायचे आहेत. तिच्याविषयी 'ती अशी होती, ती तसं करायची' असं लिहायला बसले की माझी वाक्यं शोकसभेतल्या भाषणासारखी व्हायला लागतात. शोकसभेत लोक जे बोलले ते पुष्कळ झालं. तेव्हा मी तिच्याशी बोलते, तुम्ही शेजारी बसून ऐका.

आत्ताच का, तेही सांगते. ईशान, मागच्या आठवड्यात तुझा निरोप आला, "आजी, सगळं करून पाहिलं. कॉलमचे अर्थ फाइलमध्ये नाहीतच. सॉरी." त्याच दिवशी रेवाने फोनवर विचारलं, "पण मग कुमुदआजी इतकी वर्षं नेमकं काय करत होती?" मी म्हटलं, कांद्याच्या खळ्यांवर काम करणाऱ्या बायकांची पाहणी. "हो, पण त्यांना काय विचारत होती?" यावर मला पाच-सहा गोष्टींपलीकडे काही सांगता आलं नाही. माझंही वय झालं. त्या पाच-सहा गोष्टी तरी आता लिहून ठेवायला हव्यात.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. माझं शिक्षण इंग्रजीत झालं आणि जन्मभर मी इंग्रजीच शिकवलं. पण जे हरवलं ते मराठीत होतं. अडेल तिथे बाबाला विचारा.

तुम्हाला माहीत आहे तेवढं एकदा नीट मांडते. कुमुद तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. लग्न केलं नाही. आजोबा गेल्यावर आम्ही दोघी नणंद-भावजय या घरात राहिलो, आणि निवृत्त झाल्यावर तिने ही पाहणी स्वतःहून, कुणाच्याही पदरी न राहता सुरू केली.

आता मी तिच्याकडे वळते.

कुमुद,

तुझे दोन पंजाबी ड्रेस अजून गच्चीवरच्या दोरीवर आहेत. विंचूरच्या खळ्यांवरून आलीस की तू आधी गच्चीत जायचीस, कपडे बदलायचीस आणि मग घरात यायचीस, कारण मी एकदा म्हटलं होतं की बैठकीच्या पडद्यांना कांद्याचा वास लागलाय. मी ते एकदाच म्हटलं. तू शेवटपर्यंत पाळलंस. ते ड्रेस धुवायचे की तसेच ठेवायचे हे अजून ठरत नाही. वास गेलेला नाही.

तुझी पद्धत विचित्र होती. हातात छापील कागद दिसला की बायका सरकारी उत्तर देतात, असं तुझं मत. म्हणून प्रश्न तोंडपाठ. गोणीवर बसायचं, त्यांच्याबरोबर कांदा निवडायचा आणि बोलता बोलता विचारायचं. कागदावर फक्त प्रश्नाचा नंबर आणि उत्तर. घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर तू वाचायचीस आणि मी टाइप करायची. "क्यू नऊ, सासू. क्यू दहा, नाही. क्यू अकरा, कधी कधी." तुझा आवाज अगदी रेल्वेच्या घोषणेसारखा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कागद बंबात. बायकांना तू शब्द दिला होतास की कागद कुणाच्या हाती लागणार नाही, खळ्याच्या मालकाच्या तर नाहीच. तू स्वतः बंबापाशी बसून एकेक कागद आत टाकायचीस. त्या पाण्याने मी आंघोळ करायची आणि म्हणायची, "आज कुणाच्या उत्तरांनी तापलं गं पाणी?" तू हसायची नाहीस. नावं सांगायची नाहीत म्हणजे नाहीत.

मुलांना हे कळायला हवं म्हणून सांगते. तुझ्या त्या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कॉलमला दोन नावं असायची. एक आखूड, क्यू नऊ, क्यू दहा असं, यंत्रासाठी. दुसरं लांब, ज्याला तू लेबल म्हणायचीस. त्यात पूर्ण प्रश्न, बाईला जसा विचारला तसा, मराठीत. कॉलमवर माउस नेला की लेबल पिवळ्या पट्टीत दिसायचं. ते मी वाचायचं नाही, हा तुझा दंडक. "टाइप करणाऱ्याला प्रश्न कळला की तो उत्तर सुधारतो. त्यातून तू मास्तरीण. तू तर नक्कीच सुधारशील." मला राग यायचा, पण खरं होतं. म्हणून मी नजर खाली ठेवून उत्तरं टाइप केली. इतकी वर्षं. लेबलं तू एकटी भरायचीस, दार लोटून.

फक्त एखाद्या लेबलाचे शब्द जमले नाहीत की दार उघडायचं आणि तू मला ऐकवायचीस. मग आपलं भांडण.

पहिलं मला लख्ख आठवतं. क्यू नऊ. तू म्हणालीस, "घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं? असं ठेवते."

मी म्हटलं, "हा काय मथळा आहे? जेवणाचा क्रम असं लिही. सुटसुटीत."

"क्रम कुणी जेवत नाही, वहिनी."

"अगं, पण उद्या कुणी हे वाचेल, छापेल. जरा भारदस्त नको?"

"भारदस्त लिहिलं की उत्तरही भारदस्त वाटायला लागतं. खळ्यावरची हौसाबाई, माझं नाव खुशाल सांगा म्हणणारी ती एकटीच, म्हणाली, मी जेवते मागून, मांजर माझ्याही मागून. हे तुझ्या क्रमात कुठे बसवू?"

"मांजराला वेगळा कोड दे," असं मी म्हटलं, आणि तू खरोखरच दिलास. फाइलमध्ये क्यू नऊला एका ओळीत उत्तर आहे, 'मांजर'. मी काल ते पाहिलं आणि खूप हसले. मग रडले. दोन्हीला कारण एकच.

दुसरं भांडण क्यू सतराचं. 'डोळ्यांना पाणी येतं ते कांद्याचंच का?' मी म्हटलं, हे प्रश्नासारखं वाटत नाही, नाटकातल्या वाक्यासारखं वाटतं. शिवाय तू बाईच्या तोंडात उत्तर घालते आहेस. तुझ्याच विद्यार्थ्याने असा प्रश्न आणला असता तर तू त्याला वर्गाबाहेर काढलं असतंस. तू चिडलीस. म्हणालीस, "मी आधी साधंच विचारलं होतं, डोळ्यांना त्रास होतो का. सगळ्या नाही म्हणाल्या. मग एक म्हणाली, कांद्यानं आता काय पाणी येत नाय बाई, सवय झाली. मग मी विचारलं, तरी पुसता तर आहात की! तेव्हा सगळ्या गप्प बसल्या. ती गप्प बसलेली वेळ मला या कॉलममध्ये हवी आहे." मी म्हटलं, गप्प बसण्याचा कॉलम नसतो. तू म्हणालीस, असतो, त्याला फक्त नाव नीट द्यावं लागतं. हा वाद मिटलाच नाही. जेवताना, भाजी निवडताना, पंचवटीत मेथीची जुडी हातात घेऊन भाजीवाल्यासमोर उभ्या असतानासुद्धा तू मध्येच म्हणायचीस, "क्यू सतरावर तुझं मत बदललं का?" मेथीवाला म्हणाला, "आजी, भावाचं बोला." माझं मत बदललं नव्हतं. आजही तो प्रश्न मला उत्तर सुचवणारा वाटतो. हे तुला इथून सांगते. हरायला मी तयार आहे, पण समोर तू हवी होतीस.

मग ती दुपार. तुझ्या खोकल्याचं डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगून झालं होतं आणि तू घरी परत आली होतीस. सॉफ्टवेअरचं लायसन्स संपत आलं होतं. ते पुन्हा घ्यायचं नाही असं तू ठरवलंस. कुणासाठी घ्यायचं, म्हणालीस. पाठीशी तीन उशा, मांडीवर लॅपटॉप. मी पेज घेऊन आले.

"वहिनी, तुला एक्सेल येतं ना?"

"शाळेचे निकाल त्यातच करायचे मी. माहिती आहे तुला."

"मग बास. सगळं एक्सेलमध्ये काढून ठेवते. तुला उघडता आलं पाहिजे."

"आधी पेज पी."

"थांब गं. हे बघ, आत प्रत्येक उत्तराला आकड्याचा कोड आहे, नेहमीसारखं काढलं तर नुसते आकडे येतील. एक, दोन, नऊ. तू वैतागशील. आकड्यांऐवजी शब्द यायला हवेत, त्यांचे स्वतःचे." तू एका चौकोनात खूण केलीस. माझ्यासाठी. मला उत्तरं शब्दांत वाचता यावीत म्हणून. "झालं. आता विंचूरला जाऊन त्यांना वाचून दाखवायचं. मी कबूल केलंय. आपण काय विचारलं, तुम्ही सगळ्या मिळून काय म्हणालात. नुसते टक्के सांगायचे नाहीत. बायकांना टक्के सांगू नयेत."

"तूच दाखव. बरी हो."

तू माझ्याकडे पाहिलंस आणि पेज प्यायलीस. मग जुनी फाइल काढून टाकलीस. कचऱ्याची टोपलीही रिकामी केलीस. ते तुझं नेहमीचंच. एका माहितीच्या दोन प्रती ठेवल्या की वर्षाभरात दोन निरनिराळी सत्यं तयार होतात, असं तू वर्गात शिकवायचीस आणि घरातही. आपल्याकडे किल्ल्यांच्यासुद्धा दोन प्रती नव्हत्या. "आवरलं," म्हणालीस. त्यानंतर तू लॅपटॉप उघडला नाहीस.

गंगेवर, गोदाकाठी, जे करायचं ते झालं. पाहुणे गेले. मी फाइल उघडली.

उत्तरं होती. सगळी. शब्दांत, ओळीने, एकही चुकलेलं नाही. रोज. कधी कधी. सासू. नाही. सांगितलं नाही. आणि पहिल्या ओळीत, जिथे प्रश्न असायला हवे होते, तिथे क्यू एक, क्यू दोन, क्यू तीन, असं शेवटपर्यंत.

ईशानने मला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, शांतपणे, जसं लहान मुलाला सांगतात. त्या चौकोनाच्या शेजारी आणखी एक निवड असते, म्हणाला. वरच्या ओळीत कॉलमचं आखूड नाव हवं की लांब लेबल हवं. काहीच निवडलं नाही तर आखूड नाव जातं. "कुमुदआजीला हे माहीत असणारच, आजी. ती हेच शिकवायची ना?" हो, ती हेच शिकवायची. मी स्वतः तुला फोनवर कुठल्याशा विद्यार्थ्याला झापताना ऐकलं आहे, "लेबल टाकून दिलंस तर उरलं काय, बाळा?" तू ते उत्तरांच्या बाजूने सांभाळलंस आणि प्रश्नांच्या बाजूने विसरलीस. तुझ्या डोळ्यांपुढे मी होते. मला वाचता यावं, एवढंच तुझ्या डोक्यात होतं. आणि प्रश्न तर तुला सगळे पाठच होते. पाठ असलेली गोष्ट कुणी उतरवून ठेवायची राहिली आहे, असं पाठ असणाऱ्याला वाटत नाही.

मी लॅपटॉप कॉलेज रोडच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. तो माणूस भला होता. आठवडाभर खटपट करून त्याने काय काय परत आणलं ते सांगते: आपले त्र्यंबकेश्वरचे फोटो, ज्यात तू सगळीकडे डोळे मिटलेली आहेस, विजेच्या पावत्या, आणि मी तुला कधीतरी टाइप करून दिलेली पुरणाच्या आमटीची कृती, मसाल्याचं प्रमाण चुकलेली. तुझी जुनी फाइल आली नाही. "काकू, नाव आलंय तिचं, पण आत काही नाहीये," म्हणाला. नाव आलं होतं. आत काही नव्हतं. मी त्याला म्हटलं, असे कॉलम माझ्याकडे आता पुष्कळ आहेत.

मग मी विंचूरला गेले. बसने, तुझ्यासारखीच, खिडकीशी. फाइल छापून बरोबर घेतली. मला वाटलं होतं, प्रश्न ज्यांना विचारले त्यांना तरी आठवतील. चूक माझी नाही. कुणालाही असंच वाटलं असतं.

खळ्यावर आता एक यंत्र बसलं आहे. कांदा पट्ट्यावरून पुढे जातो आणि आकाराप्रमाणे आपोआप निरनिराळ्या गोण्यांत पडतो. ज्या बायकांशी तू बोलायचीस त्यातल्या निम्म्या दिसल्या नाहीत. हौसाबाई होती. तुझं नाव घेतल्यावर तिने हात पदराला पुसले आणि माझा हात धरला.

"कुमुदताई गेल्या? अन् आमाला सांगाय आता येऊ राहिले तुम्ही?"

मी कबूल केलं. मग बसले, तुझ्यासारखी गोणीवर, पण गुडघे वर येतात म्हणून एकीने मला प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली. मी कागद उघडून क्यू एकतीसपासून सुरुवात केली. तो कॉलम मला छळतो. त्यातली उत्तरं अशी आहेत: माहेरी गेल्यावर. रोज. रोज. सणाला. कधीच नाही. माहेरी गेल्यावर. सणाला. कधीच नाही. माहेरी गेल्यावर. मी त्यांना ती वाचून दाखवली आणि विचारलं, कुमुदने हे काय विचारलं होतं?

"झोपंचं," हौसाबाई म्हणाली. "पोटभर झोप कवा मिळती, असं."

शेजारची तरुण बाई, नावाने अनिता, म्हणाली, "नाय हो मावशी. झोप सणाला मिळती का कुनाला? सणाला तर उलटं. डोक्याला तेल घालायचं इचारलं हुतं त्यांनी. तेल कवा कोन घालून देतं."

"तेलाचं न्हाय. आयतं ताट कवा मिळतं, ते," तिसरी म्हणाली.

"ते दुसरंच. ते जेवनाचं येगळं हुतं."

"तुला काय ठावं? तू तवा नवीन हुतीस, निस्ती लाजत हुतीस."

"मी लाजत हुते? अन् तुमी काय सांगितलं ते सांगू का समद्यांम्होरं?"

सगळ्या हसायला लागल्या. यंत्राच्या आवाजात त्यांचं हसणं वर यायचं आणि बुडायचं. मी मात्र पेन उघडून बसले होते. तिघींचे तीन प्रश्न. आणि तिन्ही प्रश्नांना ती उत्तरं बसत होती. झोप माहेरी गेल्यावर. तेल माहेरी गेल्यावर. आयतं ताट माहेरी गेल्यावर. कुठलाही एक खरा असेल. किंवा एकही नसेल. मी दुसरा कॉलम काढला, तिसरा काढला. प्रत्येक वेळी तेच. काहींनी तर जुना प्रश्न न आठवता तिथल्या तिथे नवीन उत्तर दिलं, आणि ते आजचं होतं, तुझ्या फाइलमधलं नव्हे.

शेवटी हौसाबाई म्हणाली, "मंग पुन्हा इचारा की, बाई. आमी काय, सांगू."

"काय विचारू, हौसाबाई?"

  तिने मला कांद्यांची पिशवी दिली, निवडून, सगळे एका मापाचे. यंत्राने काढल्यासारखे. मी त्यांना काही वाचून न दाखवताच परत आले. तू कबूल केलेलं ते कबूल केलेलंच राहिलं. ते आता होणार नाही, कुमुद. नंतर कधीतरी होईल असंही मी लिहू शकत नाही. ईशानने प्रयत्न केले, दुकानदाराने केले, मी केले. आम्ही सगळे थांबलो आहोत.

परत येताना बसमध्ये एक गोष्ट लक्षात आली आणि ती मी तुला सांगितल्याशिवाय राहू शकत नाही. फाइलमध्ये उत्तरांची अगदी पहिली ओळ क्रमांक शून्याची आहे. शून्य म्हणजे मी. पहिला फेरा करण्याआधी तू हे सगळे प्रश्न माझ्यावर करून पाहिले होतेस, स्वयंपाकघरात, आपण दोघी मटार सोलत असताना; एकदाच ऐकलेले ते प्रश्न मी केव्हाच विसरले. मला वाटलं होतं की तू ती ओळ नंतर काढून टाकली असशील. तुझ्या शिस्तीत ती बसत नाही. खळ्यावरच्या बायकांत मास्तरीण कशाला? पण तू मला ठेवलंस. सगळ्यात वर, इतकी वर्षं. आणि का ठेवलंस ते मी कधी विचारलं नाही, कारण मला ते माहीतच नव्हतं.

क्यू एकतीस, ओळ शून्य. माझं उत्तर: 'माहेरी गेल्यावर'.

हे मी म्हटलं होतं. माझ्या तोंडाने. माझं माहेर तेव्हाही राहिलेलं नव्हतं. आई-वडील गेलेले, देवळालीचं घर भावाने विकलेलं. तरीही मी ते म्हटलं, आणि तू हातातला मटार न सांडता ते लिहून घेतलंस आणि पुढचा प्रश्न विचारलास. काय होतं ते, जे मला फक्त माहेरी मिळायचं? तुला माहीत होतं. माझ्याविषयीची एक गोष्ट तुला माहीत होती, तू ती नंतर कधी बोलून दाखवली नाहीस, आणि मला ती आता कळायचा मार्ग नाही. झोप होती का? मी तर नेहमीच गाढ झोपते. तेल? माझे केस आखूड आहेत, कॉलेजात असल्यापासून. ताट? ताट तर तू वाढायचीस मला, बाहेरून यायला उशीर झाला की. तुझ्याच घरात राहून, तू वाढलेलं ताट समोर असताना, मी तुला सांगितलं होतं का की मला ताट फक्त माहेरी मिळायचं? तसं असेल तर ते तू ऐकून घेतलंस कसं?

की त्या दिवसानंतरच तू ताट वाढायला लागलीस?

नीट आठवून पाहिलं. नाही सांगता येत. मटारांचा तो दिवस आधी की ताटं आधी, हे माझ्या डोक्यात जुळत नाही. रेवा फोनवर म्हणाली, "आजी, तेच असेल. ताटच असेल. तसं लिहून टाक ना." तिला मी नाही म्हटलं. तिला वाईट वाटलं असेल, पण अंदाजाने लेबल लावायचं नाही, हे तू मला शिकवलं आहेस आणि एवढं तरी मी मोडणार नाही. मला आवडणारा प्रश्न त्या कॉलमवर लिहिला तर इतक्या बायकांच्या 'कधीच नाही'ला मी माझा प्रश्न चिकटवल्यासारखं होईल. त्यांनी तो प्रश्न ऐकलेला नाही. तो कॉलम तसाच राहील.

तुझ्यावर मी रागावलेही. खोटं कशाला बोलू. तुझ्या रिकाम्या खोलीच्या दारात उभी राहून मोठ्याने म्हटलं, "दोन प्रती ठेवल्या असत्यास तर काय बिघडलं असतं?" खोलीत कुणी नव्हतं, म्हणून मला उत्तर मिळालं नाही, नाहीतर तू एक तासभर सांगितलं असतंस काय बिघडलं असतं ते. तो एक तास मला हवा आहे.

आणि उपकारही मानायचे राहिले. तुझ्याआधी मी वाक्यं दुरुस्त करण्यात आयुष्य काढलं. दुसऱ्याचं वाक्य जसं आहे तसं टाइप करायला मला तू शिकवलंस, नजर खाली ठेवून. 'मांजर' हे उत्तर असू शकतं, हे मला साठी उलटल्यावर कळलं. हे तुझ्यासमोर म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी पडद्यांना वास लागतो म्हणाले.

रेवा, ईशान, आता पुन्हा तुमच्याकडे. रेवाच्या प्रश्नाचं उत्तर मला इतकंच देता येतं. मी फाइलमध्ये वर एक ओळ घातली आहे आणि जे प्रश्न मला खात्रीने माहीत आहेत तेवढे त्यात लिहिले आहेत, कुमुदआजीच्याच शब्दांत, माझ्या नव्हे. घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं. डोळ्यांना पाणी येतं ते कांद्याचंच का. आणखी काही. लिहून झाल्यावर मी पाहिलं, तर तिचे नि माझे ज्यांवरून खटके उडाले तेच सगळे. ज्या प्रश्नांवर आमचं एकमत होतं, किंवा ज्यांच्या शब्दांविषयी तिने मला विचारलंच नाही, त्यांचं दार लोटलेलंच राहिलं आणि ते तिच्याबरोबर गेले. नणंद-भावजयींनी आणखी भांडायला हवं होतं.

फाइल तुम्हाला पाठवली आहे. एक प्रत तुमच्याकडे, एक माझ्याकडे. कुमुद, मला माफ कर. सगळ्या बायकांची सगळी उत्तरं त्यात आहेत. थोड्या कॉलमांना प्रश्न आहेत, बाकीच्यांना फक्त नंबर आहेत. क्यू एकतीसला नंबर आहे.